मंडळीतली सेवा: आधी कोण सुटलं ते बघा

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, कोणी आजारी पडलं की पाळकसाहेब (पास्टर), भांडण झालं की पाळकसाहेब. घरभरणी, वाढदिवस, हॉस्पिटल, कबरस्तान, सगळीकडे त्यांनीच हजर राहायचं. नाशिकसारख्या शहरात एका मंडळीची कुटुंबं शरणपूरपासून सिडको, सातपूर, नाशिकरोड, देवळालीपर्यंत विखुरलेली असतात. दोनशे कुटुंबं धरा. पाळकांनी आठवड्याला न चुकता चार घरं केली तरी एका घराची पाळी वर्षाकाठी एकदाच येते. मग 'पाळक आमच्याकडे फिरकतच नाहीत' ही तक्रार सुरू होते. पाळक बदलले तरी ती थांबत नाही, कारण हे गणितच जमण्यासारखं नाही.

पवित्र शास्त्रात कामाची वाटणी वेगळी आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात (4:11-12) पाळक, शिक्षक, सुवार्तिक कशासाठी दिले आहेत ते स्पष्ट लिहिलंय: पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करायला. म्हणजे सेवा करायची ती मंडळीने. त्याच्याही कितीतरी आधी, निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. मंडळीच्या कामात यातला शेवटचा आकडा खरा उपयोगाचा. भेटीला जाणाऱ्या दोघांच्या एका जोडीकडे दहा घरं असली तर महिन्याला दहा भेटी, आठवड्याला दोन किंवा तीन, नोकरी-संसार सांभाळून जमतात. पंधरा दिली की तिसऱ्या महिन्यात काम बंद पडतं. शिवाय सगळ्याच घरांना दरमहा भेट लागत नाही. धडधाकट, रविवारी भेटणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांतून एक फेरी पुरते. म्हातारे, आजारी, एकटे आणि नुकतंच कोणी गेलेलं घर यांना दर महिन्याला हवीच.

सेवेवरच्या प्रवचनात योहानाचा तेरावा अध्याय हमखास येतो, येशू शिष्यांचे पाय धुतो तो. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये तो विधीही होतो. (पाय धुवायला निवडलेली बारा माणसं घरूनच पाय स्वच्छ धुऊन येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.) तो अध्याय हवाच. पण मंडळीचं काम उभं करायचं असेल तर त्याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6, पहिल्या सहा ओवी वाचाव्यात, अगदी हिशेबाची वही वाचावी तशा.

तिथे काय घडतं? यरुशलेममध्ये विधवांना रोजचं अन्न वाटलं जातंय. मंडळी वाढतेय. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची कुरकुर सुरू होते की आमच्या विधवा वाटपात राहून जातात. कोणी मुद्दाम वगळलं, असं मजकुरात कुठे म्हटलेलं नाही. वाटणारे हिब्रू बोलणारे, त्यांच्या ओळखीच्या विधवा आधी आठवत असणार. प्रेषित तक्रारदारांना गप्प बसवत नाहीत आणि स्वतः वाढायलाही बसत नाहीत. ते मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगतात आणि अटी घालतात: नावलौकिक चांगला, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची माणसं राहून जात होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप दिलं गेलं. मग कामावर नेमण्यासाठी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना. जेवण वाढण्याच्या कामासाठी हात ठेवून प्रार्थना! आपल्याकडे नाताळच्या जेवणाच्या समितीसाठी कोणी हात ठेवलेले पाहिलेत का?

म्हणून सेवेची सुरुवात 'काय वाटायचं' इथून करू नये. आधी 'कोण सुटतंय' ते शोधावं. त्याला एक साधी वही पुरते. गेल्या तीन महिन्यांत प्रभुभोजनाला कोण आलं नाही, त्यांची नावं काढा. नाशिकमध्ये ही यादी ठरावीक वळणाची निघते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, ज्यांना सकाळची उपासना जमतच नाही. रात्रपाळीच्या नर्सबाई. मुलं पुण्याला किंवा परदेशी गेलेली आणि गुडघ्यांमुळे रिक्षात चढू न शकणारी आजी. पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर मजुरीला आलेली विश्वासी कुटुंबं, जी गावच्या मंडळीच्या यादीत असतात आणि इथल्या कोणाच्याच नसतात. घरी कोकणा आदिवासींची बोली बोलणाऱ्या या लोकांना शहरी मंडळीत मागच्या बाकावर बसायची सवय लागते आणि विचारल्याशिवाय ते काही मागत नाहीत. त्यांच्याकडे जाणारी जोडी त्यांच्यातलीच असावी.

वहीत रकाने थोडे ठेवा: घरात कोण कोण, कोणत्या वेळी घरी असतात, शेवटची भेट कधी, आणि तेव्हा काय कबूल केलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. 'बघतो, सांगतो' म्हणून विसरलेलं एक काम दहा भेटींचा विश्वास घालवतं. आजाराचं नाव, घरातलं भांडण, कर्ज असलं काही वहीत लिहू नये. वही हातोहात फिरते.

येशूने बारा जणांना दोघे दोघे करून पाठवलं (मार्क 6:7), आणि ते आजही सोयीचं आहे. एकट्या बाईच्या घरी एकट्या पुरुषाने जाऊ नये, म्हणून जोडीत एक बाई असावीच. दोघांपैकी एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं. दोघेही बोलू लागले की घरचा माणूस गप्प होतो. आधी फोन करावा. 'काकू, आज पाचला आलो तर चालेल का? पंधरा मिनिटंच बसू' असं वेळेचं माप आधीच सांगितलं की घरात पोह्यांची धावपळ होत नाही. नव्या भेटकऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे घाईने उपदेश करणं. नोकरी गेलेल्या माणसाला शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट सांगायची नसते. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्यासोबत नुसते बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं; बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

हॉस्पिटलच्या भेटीचे नियम आणखी कडक. त्र्यंबक रोडचं सिव्हिल असो की नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको, भेटीची वेळ पाळायची, हात धुऊन जायचं, खाटेवर बसायचं नाही. सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही, फोन करायचा. दहा मिनिटं पुरतात. 'काय झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले' ही उजळणी रुग्णाने दिवसभर केलेली असते. प्रार्थना करू का, हे विचारावं. हो म्हटलं तर हळू आवाजात एक-दोन मिनिटं, स्तोत्र 23 किंवा 121 मधल्या चार ओवी. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी प्रार्थना शेजारच्या खाटेवर जबरदस्ती होते. याकोबाच्या पत्रात (5:14) तेल लावून प्रार्थना करण्याचं सांगितलंय, पण तिथे आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलजनांना बोलवायचं आहे. न मागता बाटली काढू नये, आणि अतिदक्षता विभागात तेल, फुलं काहीच नेऊ नये. पाळक प्रभुभोजन देणार असतील तर आधी नर्सला दोन प्रश्न विचारावेत: रुग्णाला उपाशी ठेवलंय का, आणि गिळायला त्रास होतो का. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसाला घोटभर द्राक्षरस दिला तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं. गिळता येत नसेल तर भाकरीचा कणही ठसक्याला कारण होतो.

'विश्वास ठेवा, औषधं बंद करा' असं कोणी बोललं तर त्या माणसाला भेटीच्या कामातून त्याच दिवशी काढावं. यात दुमत नको. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, म्हणजे त्या काळचं औषध वापरलं. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (1 तीमथ्य 5:23). नुसती प्रार्थना कर, असं लिहिलं नाही.

रुग्णापेक्षा त्याच्या माणसांना जास्त मदत लागते. खेड्यातून आलेले नातेवाईक व्हरांड्यात झोपतात. त्यांच्यासाठी डबा नेताना भात टाळावा, उन्हाळ्यात चार-पाच तासांत आंबतो. भाकरी किंवा पोळी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी संध्याकाळपर्यंत टिकते. रुग्णाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरचं काही देऊ नये. आणि पहिल्याच दिवशी बघायचं ते कागदांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन तिथे भरती होतानाच जायचं, कारण ही योजना पूर्वमंजुरीवर आणि बिनपैशाने चालते. बिल भरून घरी आल्यावर 'योजनेत बसलं असतं का हो?' विचारून उपयोग नसतो. नातेवाइकाला त्या टेबलापर्यंत नेऊन पोहोचवणं ही प्रार्थनेइतकीच पूर्ण सेवा आहे.

मरणाच्या घरात मंडळी चांगली धावते. शवपेटी, कबर, गाणी, मंडप सगळं तासाभरात ठरतं. दोन गोष्टी मात्र गोंधळात मागे पडतात. एक, घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी हातात घ्यायचा. दोन, नोंदणी 21 दिवसांच्या आत करायची. नंतर विलंबाची लांबण लागते, आणि दाखल्यावाचून बँक, विमा, निवृत्तिवेतन सगळं अडतं. या कामाला एक शांत माणूस नेमून ठेवावा, जो त्या दिवशी दुसरं काहीच करणार नाही.

खरी उणीव पुढे दिसते. पहिले तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, सहाव्या आठवड्यात कोणी नसतं. पाहुणे परत जातात, मुलं कामावर जातात आणि बाई दुपारी एकटी असते. म्हणून तारखा आधीच लिहून ठेवाव्यात: आठवड्याने, महिन्याने, तिसऱ्या महिन्यात, गेलेल्याच्या वाढदिवसाला, पहिल्या नाताळाला. नाताळची भेट 20 डिसेंबरच्या आसपास करावी, 25 ला तुम्हालाही वेळ नसतो. विधवेचं उत्पन्न तुटपुंजं असेल तर तिला मंडळीचे पाचशे रुपये देण्याआधी तहसील कार्यालयात घेऊन जा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. अर्ज अडतात ते बहुतेक दोन ठिकाणी: उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा बँकेचं खातं आधारला जोडलेलं नसतं. पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की अनुदान बंद होतं आणि आजीला कारणही कळत नाही. तो महिना भेटीच्या वहीत लिहा.

पौलही विधवांच्या बाबतीत काटेकोर होता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:3-16) तो चक्क यादीचे निकष देतो: वय साठच्या वर, चांगल्या कामांची साक्ष. ज्यांना मुलं-नातवंडं आहेत त्यांची जबाबदारी आधी घरच्यांनी घ्यावी, म्हणजे खरोखर निराधार असलेल्यांना मंडळीला पुरवता येईल, असं तो कारण देतो. आपल्याला हे कोरडं वाटतं. पण निकष नसले की ज्याचा आवाज मोठा त्याला मदत मिळते.

धान्याच्या पिशवीतही डोकं लागतं. प्राधान्य शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदयला कुटुंबाला 35 किलो. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण 40 किलो धान्य लागतं, त्यातलं निम्मं रेशनवर येतं. डाळ, तेल मात्र विकतच घ्यावं लागतं, आणि मंडळ्या नेमक्या तांदळाच्या गोण्या वाटतात. पंधरा दिवसांची पिशवी करायची तर 10 किलो ज्वारी किंवा गहू, अडीच किलो तूरडाळ, दीड लिटर तेल, पाव किलो चहा, किलोभर साखर, मीठ, हळद-तिखट, अंगाचे आणि कपड्यांचे साबण असं प्रमाण ठेवावं. घरात कोणाला मधुमेह असेल तर साखरेऐवजी शेंगदाणे. मुली-बायका असतील तर सॅनिटरी पॅडचं पाकीट न विचारता तळाशी ठेवावं. शिधापत्रिका नसलेल्या घराला धान्य दुप्पट द्यावं, आणि शिधापत्रिका काढायच्या कामाला लागावं.

पिशवीत पत्रक घालू नये, वर वचन छापू नये, आणि देताना फोटो काढू नये. पहिल्या दोन गोष्टींवर मंडळीत वाद होतात, म्हणून थोडं सांगतो. शोमरोनी माणसाने अर्धमेल्या माणसाचा धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, सकाळी उतारशाळेच्या माणसाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं कबूल केलं. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. खर्चाची तरतूद, दुसऱ्यावर सोपवणं, पुन्हा येण्याचा वायदा, एवढं सगळं त्या गोष्टीत आहे. शिकवण कुठेच नाही. भुकेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय नसते. त्याच्या हातात डाळीसोबत पत्रक ठेवलं की त्याची संमती खरी राहत नाही, आणि सुवार्तेवर आमिषाचा आरोप येतो तो वेगळाच. कोणी आपणहून विचारलं तर सांगावं, पण दुसऱ्या दिवशी, हातात पिशवी नसताना. फोटोबद्दल मत्तय 6:1-4 पुरेसं आहे.

देण्यातून मिंधेपण तयार होतं, ही अडचण नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाइतकीच जुनी आहे. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे आणली गेली. त्यांना अन्न-वस्त्रासोबत लोहारकी, सुतारकी असे हाताचे धंदे शिकवले. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात त्याच्या माणसांत सामील झाला, 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनचं हृदय आफ्रिकेतच पुरलं तेव्हा त्यानेच प्रार्थना वाचली आणि 1874 मध्ये पार्थिवासोबत लंडनला गेला. हातात धंदा आणि अक्षर दिलं की माणूस कुठवर जातो ते इथे दिसतं. पण मिशनच्या छत्राखालच्या वस्त्यांची दुसरी बाजूही होती: घर मिशनचं, शाळा मिशनची, नोकरी मिशनची, म्हणून सेवाही मिशननेच करायची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे परावलंबन खुपत होतं. त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा स्वतंत्र बंधुसमाज सुरू केला. शंभर वर्षं उलटून गेली तरी 'वरून निधी आला की करू' ही सवय आपल्यातून पुरती गेलेली नाही. महिन्याला शंभर रुपये देणारी चाळीस घरं असली तर चार हजारांत दोन पिशव्या आणि रिक्षाभाडं निघतं. तेवढ्यावर सुरुवात करावी.

पैशाबद्दल पौल फार सावध आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला भाऊ पाठवला, आणि कारणही लिहिलं: या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा (2 करिंथ 8:18-21). आपल्याकडे याचा अर्थ असा: पेटी दोघांनी उघडायची, ते दोघे एका घरातले नसावेत. मोजून कागदावर दोन सह्या, सोमवारी बँकेत भरणा. सेवेचा निधी इमारत निधीत मिसळायचा नाही, 'परत टाकू' म्हणून उसनाही घ्यायचा नाही. ट्रस्टला देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची (80जी) मान्यता असेल तर 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावं. वाटपाचा हिशेब मंडळीसमोर मांडताना रकमा आणि कुटुंबांची संख्या सांगावी, नावं नाहीत.

नावांवरून एक कटू गोष्ट आठवली. 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली मंडळीत बरीच चहाडी चालते. 'अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, घरी परत आलीय' हे व्हॉट्सॲपच्या गटावर पडलं की त्या घराचं दार भेटकऱ्यांना बंद होतं, आणि ते बरोबरच आहे. त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव, आजार, घटना काही सांगायचं नाही. 'आपल्यातल्या एका कुटुंबासाठी' एवढं देवाला पुरतं. अपवाद एकच. मुलाला किंवा बाईला घरात मारहाण, अत्याचार होत असेल तर गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181 हे क्रमांक भेटीच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. संडे स्कूल असो वा सहल, एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीच नाही. दोन मोठी माणसं, दार उघडं. पाळकही याला अपवाद नाहीत.

भेटकरी थकतात, आणि आधी थकतात ते सगळ्यांत चांगले. खूण ओळखायला सोपी आहे: ते भेटी टाळत नाहीत, उलट वाढवतात, आणि घरी चिडचिड करतात. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य काम करून परततात, जेवायलाही सवड नसते, तेव्हा येशू त्यांना बाजूला, एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. मंडळीने हे नियमात बसवावं. जबाबदारी तीन वर्षांची, मग एक वर्ष सक्तीची सुट्टी. मे महिन्यात भेटी बंद, फक्त हॉस्पिटल आणि मरण. पाळकांना आठवड्याचा एक वार मोकळा, आणि तो रविवार नसतो हे समितीने लक्षात ठेवावं. सुट्टीवर जाणाऱ्या जोडीने शेवटच्या महिन्यात नव्या जोडीला प्रत्येक घरी सोबत न्यावं, वहीतला 'कबूल केलेलं' हा रकाना रिकामा करावा, उरलेली कामं नव्यांसमोर त्या घरच्या माणसाला सांगावीत आणि मगच वही हातात द्यावी.